इंटरलॉकशी छेडछाड केल्याचा खोटा ठपका आला तर

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसनंतर गाडीत इंटरलॉक, म्हणजे श्वासातली दारू तपासणारं मशीन, बसवावं लागतं. फुंकर मारल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. पण बॅटरी बदलली, केबल काढली किंवा कडाक्याच्या थंडीत बॅटरी मान टाकून बसली, तरी मशीनचा वीजपुरवठा तुटल्याची नोंद होते आणि तीच पुढे ‘छेडछाड’ म्हणून परवाना खात्याकडे किंवा कोर्टाकडे जाऊ शकते.

नोटीस आली की आधी शेवटची तारीख बघा. सुनावणी मागायची मुदत त्यातच असते आणि ती एकदा टळली की तुमचं म्हणणं कितीही खरं असो, ऐकून घेणारं सहसा कोणी उरत नाही. अर्ज लेखीच द्या. फोनवरच्या ‘बघतो’ला काडीची किंमत नाही.

मग मशीनचा मूळ लॉग मागा. एका ओळीचा सारांश नको. त्यात वीज कधी गेली, कधी आली, आधी-नंतरच्या फुंकरीत काय निघालं, हे वेळेसकट दिसतं. शेजारी गॅरेजचं बिल ठेवा. बिलावर तारीख, वेळ, ओडोमीटरचा आकडा आणि ‘बॅटरी काढून नवी बसवली’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘सर्व्हिसिंग’ लिहिलेलं बिल काही कामाचं नाही. कॅमेऱ्याचं मशीन असेल तर त्या वेळचे फोटोही मागून घ्या.

प्रोबेशन (तुरुंगाऐवजी कोर्टाच्या अटींवर मिळालेली मोकळीक) चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय खुलासा पाठवू नका. आणि यापुढे बॅटरीला हात लावण्याआधी इंटरलॉकवाल्यांना ईमेल टाकून ठेवा.