आधी सर्च कन्सोल उघडा

कुणी साइट दाखवली की मी आधी सर्च कन्सोलमधला परफॉर्मन्स रिपोर्ट उघडते. सर्च कन्सोल म्हणजे साइट गूगल शोधात कशी चालते ते दाखवणारं गूगलचं साधन. इम्प्रेशन (पान शोधात किती वेळा दिसलं) भरपूर पण क्लिक नगण्य, असं पान पहिलं हातात घ्या. बहुतेकदा दोष टायटलचा, म्हणजे शोधात दिसणाऱ्या शीर्षकाचा असतो. ‘आमच्या सेवा’ वाचून कोण आत येणार? ‘गळका नळ घरी कसा दुरुस्त करावा’ असं लिहा, लोक शोधतात त्याच शब्दांत. मग चांगल्या चालणाऱ्या जुन्या लेखांतून त्या पानाला लिंक द्या. ‘इथे क्लिक करा’ नको, विषय सांगणारे शब्द हवेत. सगळ्यात वरचा मोठा फोटो हलका करा, त्याला लेझी लोडिंग (फोटो गरज पडेपर्यंत लोड न करणं) अजिबात लावू नका. एलसीपी, म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, २.५ सेकंदांच्या आत हवा. कीवर्ड मेटा टॅगवर, म्हणजे पानाच्या कोडमधल्या कीवर्डच्या यादीवर मात्र वेळ घालवू नका. रँकिंगसाठी तो वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.