परदेशात सायबर कॅफे: खर्चाचा अंदाज काढताना या चुका टाळा

वडोदऱ्यातल्या रावपुऱ्यात आमच्या शेजारी राहणारा एक मुलगा दिवाळीनंतर एका पानाचं अंदाजपत्रक घेऊन माझ्याकडे आला. त्याचे मामा केनियातल्या किसुमूला तीसेक वर्षं आहेत, तिथले नागरिक झालेले. मामांच्या दुकानाजवळ छोटा सायबर कॅफे काढायचा, भांडवल भाच्याचं, देखरेख मामांची, असा बेत. कागदावर आठ कॉम्प्युटर, टेबलं-खुर्च्या, राउटर, रंगकाम, सहा महिन्यांचं भाडं आणि सगळ्यात शेवटी 'इतर किरकोळ – ५०,०००'. बेरीज साडेअकरा लाख. "काका, एवढ्यात बसेल ना?"

मी डांडिया बाजारात २००२ पासून नऊ वर्षं सायबर कॅफे चालवला, म्हणून तो माझ्याकडे आला. कागद वाचून मला काळजी वाटली ती त्या शेवटच्या ओळीची. वरच्या सगळ्या ओळी डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंच्या होत्या. दुकान उघडण्याआधी आणि उघडल्यावर पहिल्या वर्षात जो पैसा जातो, तो सगळा त्या 'किरकोळ'मध्ये कोंबलेला होता. आम्ही दोघं चार रविवार बसलो आणि ती एक ओळ फोडत गेलो. वडोदऱ्यातून पूर्व आफ्रिकेकडे डोळे लावून बसलेली आणखीही मुलं आहेत, म्हणून त्यातलं इथे लिहितो.

परवानगीच्या आधी मशीन मोजणं

पहिला प्रश्न तिथे कोण बसणार हा. केनियात परक्या देशाच्या माणसाला स्वतःचा धंदा चालवायचा तर 'जी' वर्गाचा परवाना लागतो आणि त्यासाठी किमान १ लाख अमेरिकन डॉलरचं भांडवल दाखवावं लागतं. रुपयांत ही रक्कम ८० लाखांच्या वर जाते. म्हणजे साडेअकरा लाख घेऊन आपण स्वतः गल्ल्यावर बसायचं, हा मार्ग मुळातच बंद. मामा नागरिक आहेत म्हणून हा बेत विचार करण्याजोगा तरी आहे. ज्याचं तिथे असं कोणी नाही, त्याने याच टप्प्यावर थांबावं आणि एजंटला फी देऊ नये.

दुसरा प्रश्न इथून पैसे कसे जाणार. "मामांना घरखर्चाला म्हणून पाठवतो आणि धंद्यात टाकतो" हे मी पुन्हा पुन्हा ऐकतो. असं करू नका. धंद्यात हिस्सा घ्यायचा असेल तर ती परदेशातली गुंतवणूक ठरते आणि तिला २०२२ चे नियम लागू होतात. त्या नियमांप्रमाणे परदेशातली संस्था मर्यादित दायित्वाची हवी, म्हणजे आपल्या वाडवडिलांसारखी विश्वासावरची भागीदारी चालत नाही. तिथे कंपनी नोंदवावी लागते. बँकेत एफसी फॉर्म भरून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. इथल्या आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, आणि हिस्सा १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर दर वर्षी बँकेला अहवालही द्यावा लागतो. या प्रत्येक गोष्टीला सीएची फी आहे, इथेही आणि तिथेही, दर वर्षी. त्या पानावर सीएची एकही ओळ नव्हती.

शिवाय टीसीएस, म्हणजे बँकेने पैसे पाठवतानाच आगाऊ घेतलेला कर. एका आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त रक्कम अशा कामासाठी बाहेर पाठवली की वरच्या रकमेवर बँक २० टक्के कापून घेते. १६ लाख पाठवायचे तर ६ लाखांवर १ लाख २० हजार. ते बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना जमा धरले जातात. पण तोपर्यंत तेवढी रोकड हातात नसते, आणि ज्या महिन्यात दुकानाची अनामत भरायची नेमकी त्याच महिन्यात ती नसते. हा आकडा खर्चात धरू नका, पण जमवायच्या रकमेत मात्र जरूर धरा.

आपल्या जुन्या कॅफेच्या हिशेबाने तिथली कमाई काढणं

मुलाचं गणित असं होतं: आठ मशीन, दहा तास, तासाला अमुक शिलिंग, निम्मी भरलेली. हे गणित २००३ सालचं आहे. तेव्हा आमच्याकडे कॉलेजची मुलं चॅटिंगला आणि म्हातारी माणसं अमेरिकेतल्या नातवंडांना बघायला येत, त्यामुळे तास विकला जायचा. आता चॅटिंग आणि व्हिडिओ दोन्ही फोनवर गेलं आहे, केनियातही.

तिथले 'सायबर' तरीही चालतात, कारण तिथे सरकारी कामं ऑनलाइन झाली आहेत आणि ती करून द्यायला माणूस लागतो. ई-सिटिझन या सरकारी संकेतस्थळावर पासपोर्टचा अर्ज, पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला, ड्रायव्हिंग लायसन्स, कॉलेजच्या मुलांचे हेल्ब या सरकारी शिक्षणकर्जाचे अर्ज. करखात्याचा पिन असलेल्या माणसाला कमाई नसली तरी ३० जूनपर्यंत नील रिटर्न भरावं लागतं, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यासाठी रांग लागते. त्याबरोबर झेरॉक्स, स्कॅन, लॅमिनेशन, बायोडेटा टाइप करून देणं. पैसे मिळतात ते पानामागे आणि कामामागे.

एवढं लक्षात आलं की अंदाजपत्रकाचं रूपच बदलतं. आठ मशीन कशाला? चार पुरतात. उरलेल्या पैशात चांगलं फोटोकॉपी मशीन, दुसरा प्रिंटर, लॅमिनेटर. आणि टोनर, ड्रम, कागद हा दर महिन्याचा खर्च, जो मुलाच्या पानावर शून्य होता. टोनरच्या डब्यावर पानांचा जो आकडा छापलेला असतो तो साधारण पाच टक्के शाई असलेल्या पानाचा असतो. ओळखपत्राची झेरॉक्स किंवा फोटो असलेला बायोडेटा याच्या कितीतरी पट शाई खातो. माझा पहिल्या वर्षीचा तोटा इथेच झाला होता. पानाचा दर मी छापील आकड्यावर बेतला आणि डबा निम्म्या पानांतच रिकामा होत राहिला.

किसुमूत तीन दिवस नुसतं बसून जवळच्या दोन सायबरमध्ये कोण कशासाठी येतं हे मोजून ये, असं मी त्याला सांगितलं. त्या फेरीचा खर्चही अंदाजपत्रकात हवा: मुंबई-नैरोबी विमान, पुढे किसुमू, आणि जाण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यायची पिवळ्या तापाची लस. तिचा दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवतात.

इथून स्वस्त मशीन नेणं

कंपन्यांनी काढून टाकलेले डेस्कटॉप आपल्याकडे स्वस्त मिळतात, ते कंटेनरमध्ये टाकून न्यायचे, असा विचार होता. त्यातली बरीच मशीन चौथ्या-सहाव्या पिढीच्या प्रोसेसरची असतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. लोक जिथे आपला कराचा पिन आणि पासवर्ड टाकतात, तिथे सुरक्षा अपडेट बंद झालेली मशीन ठेवणं मला मान्य नाही. लिनक्स घालता येतं, पण गिऱ्हाईक वर्डमधली फाइल घेऊन येतं, तिची मांडणी हलली की तेच गिऱ्हाईक परत येत नाही. मशीनसोबत आलेला विंडोजचा परवाना ते तासावर भाड्याने द्यायला पुरत नाही, हेही फार जणांना माहीत नसतं. त्यासाठी वेगळा भाडेहक्काचा परवाना असतो.

केनियात माल आयात करताना निघण्याआधीच तपासणी करून अनुरूपतेचं, म्हणजे माल तिथल्या मानकांत बसतो असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते नसेल तर बंदरात माल अडकतो, दंड लागतो, रोजचं भाडं चढतं. वर १६ टक्के व्हॅट. तिथला सॉकेट तीन चौकोनी पिनांचा, आपले प्लग त्यात बसत नाहीत. चार मशीनसाठी हा खटाटोप परवडत नाही. तिथेच घ्या, तिथली वॉरंटी घ्या.

वीज आणि लाइन

डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १२० वॉट धरले तर चार मशीन ४८० वॉट. पंखा, राउटर, दिवे धरून ६०० वॉट. दहा तासांचे सहा युनिट. हा आकडा घाबरवणारा नाही. चूक होते ती बॅकअप बेतताना. लेझर प्रिंटर गरम होताना क्षणभर हजार वॉटच्या आसपास ओढतो. तो यूपीएसवर लावला की यूपीएस बसतो, आणि मोठा यूपीएस घ्यायला गेलं की खर्च दुप्पट होतो. मशीन यूपीएसवर, प्रिंटर थेट लाइनवर. बॅटरी तीन-चार वर्षांत बदलावी लागते, तिचे पैसे पहिल्या महिन्यापासून बाजूला काढा. तिथे प्रीपेड मीटर सर्रास आहेत. २० आकडी टोकन मीटरमध्ये घालायचं, ते संपलं की अंधार. म्हणजे विजेचं बिल महिन्याच्या शेवटी येत नाही, आधी भरावं लागतं.

इंटरनेटची एकच लाइन घेऊ नका. मे २०२४ मध्ये समुद्राखालच्या दोन केबल एकदम तुटल्या आणि पूर्व आफ्रिकेत काही दिवस इंटरनेट रडतखडत चाललं. फायबरच्या जोडीला वेगळ्या कंपनीचा ४जी राउटर ठेवला तरी अशा वेळी फारसं काही वाचत नाही. पण निदान रस्त्यावरची खोदाई आणि कंपनीची रोजची दुखणी त्याने सुटतात.

जागा

इथे मामांचा शब्द आपल्या सगळ्या हिशेबापेक्षा मोलाचा. चालत्या रस्त्यावरच्या गाळ्याला अनामतीशिवाय गुडविल मागतात, आपल्या पागडीची बहीणच ती. परत मिळत नाही. तिथे ५ वर्षं ३ महिन्यांचा भाडेकरार पुढे केला जातो. मुदत अशी विचित्र असण्याचं कारण कायदा आहे: ५ वर्षांपर्यंतच्या लेखी कराराला भाडेकरूचं संरक्षण मिळतं, मालकाला मनाप्रमाणे भाडं वाढवता किंवा काढता येत नाही. त्यापलीकडे गेलं की ते संरक्षण सुटतं. छोट्या दुकानाने छोटाच करार मागावा. मालक व्हॅटला नोंदलेला असेल तर भाड्यावर १६ टक्के वेगळे, हे आधी विचारून घ्या. काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या सरकारचा, वार्षिक धंदापरवाना असतो, आणि दुकानावरच्या पाटीचं शुल्कही वेगळं असतं.

पगारात स्वाहिली बोलणारा, फॉर्म भरण्यात तरबेज असा एक माणूस पहिल्या दिवसापासून धरा. त्याच्या पगारावर मालकाला निवृत्तिनिधीचा वाटा आणि १.५ टक्के गृहनिर्माण लेव्ही भरावी लागते. वार्षिक उलाढाल १० लाख शिलिंगच्या वर गेली की छोट्या धंद्याला ३ टक्के उलाढाल कर. हा कर विक्रीवर आहे, नफ्यावर नाही, म्हणून तोट्याच्या वर्षीही भरावा लागतो.

एकाच दराने सगळं रुपयांत मांडणं

२०२४ च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे १६० शिलिंग मिळत, त्याच वर्षाच्या मध्याला १३० च्या आसपास. त्याच डॉलरचे शिलिंग सहा महिन्यांत जवळजवळ एक पंचमांशाने घटले आणि भाडं मात्र शिलिंगमध्येच. शिवाय आपला रुपया आधी डॉलरमध्ये जातो, दोन्ही टोकांना बँक फरक कापते. म्हणून तिथला खर्च शिलिंगमध्येच लिहावा आणि रुपयांची बेरीज आजच्या दराने एकदा, पंधरा टक्के वाईट दराने एकदा, अशी दोनदा करावी. गल्ला बहुतेक एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यात, जमतो, तिथून पैसे काढतानाही शुल्क आहे.

नवं अंदाजपत्रक चार पानांचं झालं. मशीन निम्मी झाली आणि बेरीज तरी साडेसोळा लाखांवर गेली, त्यात सहा महिन्यांचं खेळतं भांडवल. मुलाचा चेहरा उतरला, ते मला दिसलं. शेवटचं पान त्याला नको होतं, मी आग्रहाने लिहायला लावलं: दुकान बंद करावं लागलं तर. करार मधेच मोडण्याची रक्कम, माणसाचा नोटिशीचा पगार, कंपनी बंद करायची फी, फोटोकॉपी मशीन जुन्या भावात कितीला जाईल, आणि विकून आलेले पैसे ९० दिवसांत भारतात परत आणण्याचं बंधन. ते पान त्याने आईला वाचून दाखवलं. गेल्या आठवड्यात लस घेतली, आता तिकिटाची तारीख बघतो आहे.