रोज थोडं तरी चित्र काढायचंच
काही सुचत नाही म्हणून थांबू नका, आधी हात चालू करा, सुचतं मागून. वही-पेन्सिल उशाशीच ठेवा, कपाटात गेली की संपलंच. सकाळी दहा मिनिटं समोर दिसेल ते काढायचं, कप तर कप, पण नीट बघून, कपाच्या कानाखालची सावली कुठे गडद होते, कडेवर उजेडाची रेघ कशी पडलीय. उद्या परत तोच कप, खरंच! फ्रेंच चित्रकार मोनेने १८९०-९१ मध्ये गव्हाच्या गंजींची जवळपास २५ चित्रं रंगवली, विषय तोच, फक्त उजेड आणि ऋतू बदलत गेले. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी डबल काढत बसू नका, नेहमीइतकंच काढा. आणि प्लीज, बिघडलेली पानं फाडू नका, महिन्याने चाळताना त्यातच पुढचा विषय सापडतो.