‘आक्ल एर्मेक’: समज पोहोचण्याचा तुर्की वाक्प्रचार कसा शिकावा

आमच्या फोंड्याच्या घरी मे महिन्यात माळ्यावर मानकुरादाची अढी लावलेली असे. आजी गवत बाजूला सारून एकेक आंबा हातात घेई, देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबून पाही, नाकाशी धरी आणि बहुतेक आंबे पुन्हा गवतात ठेवून देई. मोठ्यांच्या बोलण्यातले काही विचारले, की ती मलाही तसेच परत ठेवी: "तुला आत्ता कळायचे नाही. मोठा झालास की कळेल." पुढे तुर्की शिकताना ‘आक्ल एर्मेक’ हा वाक्प्रचार भेटला आणि आंबा व समज या दोहोंसाठी त्या भाषेत एकच क्रियापद चालते हे पाहून मला फार आनंद झाला.

शब्दकोशात याचा अर्थ ‘समजणे’ एवढाच सापडेल. तेवढ्यावर थांबणारा शिकाऊ हा वाक्प्रचार हमखास चुकीच्या जागी वापरतो, म्हणून आधी दोन्ही शब्द सुटे करून पाहावेत. ‘एर्मेक’ म्हणजे पोहोचणे, गाठणे. पीक किंवा फळ तयार झाले, आपल्या भाषेत पाडाला आले, तरी तुर्की माणूस हेच क्रियापद वापरतो. ‘एर्मिश’ म्हणजे संतपुरुष, शब्दशः ‘पोहोचलेला’, आणि मराठीतही आपण अध्यात्मातल्या अधिकारी पुरुषाला पोहोचलेला माणूस म्हणतोच. दुसरा शब्द तर आपल्या घरातलाच आहे. तुर्कीतले ‘आकल’ आणि मराठीतली ‘अक्कल’ ही एकाच अरबी शब्दाची रूपे असून आपल्याकडे तो फारसीच्या मार्गाने आला. दोन्ही भाषांनी त्याला वयाशीही जोडले आहे: आपण जिला अक्कलदाढ म्हणतो, तिला तुर्कीत ‘आकल दिशी’ म्हणतात, म्हणजे अकलेचा दात. तेव्हा पूर्ण वाक्प्रचाराचा अर्थ होतो, एखाद्या गोष्टीपर्यंत अक्कल पोहोचणे, ती समजण्याइतके जाणते होणे.

आता रूपे. मूळ शब्द ‘आकल’, पण त्याला स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागला की मधला स्वर गळतो: ‘आक्लम’ म्हणजे माझी अक्कल, ‘आक्लन’ म्हणजे तुझी, ‘आक्ल’ म्हणजे त्याची किंवा तिची. हे घोकत बसण्याची गरज नाही. ‘माणूस’चे ‘माणसाला’ होताना आपल्या तोंडून मधला ऊ आपोआप जातो, त्याच सवयीवर हेही सोपवावे. उच्चारासाठी मात्र थोडे कष्ट घ्यावे लागतात. 1928 साली तुर्कीने अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली, तिच्यात आय हे अक्षर दोन प्रकारचे आहे, एक बिंदू असलेले आणि एक नसलेले. येथे बिंदू नसलेले अक्षर येते. त्याचा स्वर आपल्या ‘अ’च्या जवळचा, पण जीभ अधिक वर उचलून आणि ओठ गोल न करता काढायचा असतो. ‘आक्ल’ म्हणताना शेवटचा स्वर ‘शुक्ल’मधल्यासारखा पूर्ण उच्चारावा, नाहीतर ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही.

ज्या गोष्टीपर्यंत अक्कल पोहोचायची, तिला चतुर्थीसारखा प्रत्यय लागतो. ‘बु’ म्हणजे हे आणि ‘बुना’ म्हणजे ह्याला; म्हणून ‘बुना आक्लम एर्मियोर’ म्हणजे ह्याला माझी अक्कल पोहोचत नाही. क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते. माझा अनुभव असा, की वाक्य इंग्रजीतून जुळवण्याऐवजी थेट मराठीतून जुळवले, तर ते पहिल्याच प्रयत्नात बरोबर बसते. मुलाविषयी बोलताना ‘चोजूउन आक्ल एरियोर आर्तक’ म्हणावे: मुलाला आता समज आली आहे. स्वतःच्या बालपणाविषयी ‘ओ याश्ता आक्लम एर्मेज़्दी’ म्हणावे: त्या वयात मला ते कळत नसे. सरावासाठी हे तिसरे वाक्य सर्वांत उपयोगी आहे. लहानपणी न कळलेल्या पाच गोष्टी आठवून प्रत्येकीमागे ते मोठ्याने म्हणावे, म्हणजे रूप आणि भाव एकत्रच मुरतात.

वापरताना अक्कल कोणाची, याकडे फार लक्ष द्यावे. एकदा आमच्याकडे उतरलेल्या एका वयस्क तुर्की पाहुण्यांना मी माटोळीला, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या चौकटीला, कोणकोणती रानफळे बांधतात हे सांगत होतो. ‘हे तुम्हाला परके वाटेल’ अशा सद्भावनेने मी ‘सिज़िन आक्लनज़ एर्मेज़’ म्हणालो, आणि त्यांचा चेहरा उतरला. आदरार्थी ‘सिज़िन’ वापरूनही वाक्याचा अर्थ ‘तुमची अक्कल तेवढी नाही’ असाच होत होता. मला आजही त्या प्रसंगाचे वाईट वाटते. नकारार्थी रूप स्वतःविषयी वापरले तर ती नम्रता ठरते. ‘बु इश्लेरे बेनिम आक्लम एर्मेज़’, म्हणजे असल्या कामातले मला काही कळत नाही, हे मोकळेपणी म्हणावे. लहान मुलाला घरातले वडीलधारे ते म्हणू शकतात. प्रौढ माणसाला ते कधीही म्हणू नये.

जवळच्या दोन प्रयोगांपासूनही हा वाक्प्रचार वेगळा ठेवावा. समोरच्याचे बोलणे नीट ऐकू आले नाही किंवा त्याचा अर्थ लागला नाही, तर साधे ‘आन्लामादम’, म्हणजे समजले नाही, एवढेच पुरे असते. तिथे अक्कल मध्ये आणण्याचे कारण नाही. ‘आक्लम आल्मियोर’ हे रूप कानाला फसवते, कारण त्यात फक्त क्रियापद बदलते. त्याचा शब्दशः अर्थ ‘माझी अक्कल घेत नाही’ असा असून एखादी गोष्ट मनाला पटत नाही, विश्वासच बसत नाही, अशा वेळी ते म्हणतात. तुर्की मालिका मूळ भाषेत पाहताना ‘आक्लम’ ऐकू आले, की अर्थ ठरवण्याची घाई न करता पुढचे क्रियापद ‘एर्’चे आहे की ‘आल्’चे, तेवढे कान देऊन ऐकावे.