पॉलिमरची रचना वर्णपटातून वाचताना

नमुना कोणत्या पॉलिमरचा आहे, हे एफटीआयआर यंत्र (नमुना कोणते अवरक्त किरण शोषतो, याचा वर्णपट काढणारं) दोन मिनिटांत सांगतं. रेणूच्या साखळीला फाटे किती, स्फटिकमय भाग किती, हे विचारायचं असेल तर नमुना नीट तयार करावा लागतो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. (अवरक्त वर्णपटातल्या शिखरांच्या जागांचे सगळे आकडे प्रति सेंटिमीटर.)

ओळख पटवायला हिऱ्याचं एटीआर पुरतं, म्हणजे हिऱ्यावर दाबलेल्या नमुन्याचा फक्त पृष्ठभाग मोजणारी पद्धत. हिरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच पार्श्वभूमी (नमुन्याशिवायचा वर्णपट) नोंदवा. ओलावा राहिला तर अल्कोहोलची शिखरं नमुन्यात उलटी उमटतात. रेझोल्यूशन ४ आणि ३२ स्कॅन ठेवा. दाणा असेल तर ब्लेडने कापून आतला सपाट भाग हिऱ्यावर दाबा. किरण जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर आत जातो, म्हणून वर आलेलं स्लिप एजंट (फिल्म घसरती ठेवणारं मिश्रण) किंवा ऑक्सिडेशन झालेला थर असेल तर तोच मोजला जातो. पॉलिएथिलीनच्या फिल्ममध्ये १६३० ते १६५० दरम्यान शिखर दिसलं, तर ती पुसून पुन्हा घ्या. शिखर उतरलं तर ते अमाइड प्रकारचं स्लिप एजंट असण्याची शक्यता मोठी. १७१५च्या आसपासचं शिखर पुसून जात नसेल, तर ऑक्सिडेशन धरा. २३५०ला खड्डा किंवा उंचवटा दिसला तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

पॉलिएथिलीनचे फाटे मोजायला एटीआर सोडून नमुन्यातून आरपार जाणाऱ्या किरणाकडे वळा. फाट्यांच्या टोकाला मिथाइल (CH3) गट असतो. त्याचं १३७८चं शिखर अशक्त असतं, त्यामुळे काही दशांश मिलिमीटर जाडीची फिल्म लागते. दाणे टेफ्लॉनच्या दोन पत्र्यांमध्ये १६० अंश सेल्सिअसला दाबा. गंमत अशी की शेजारीच १३६८ला मेथिलीनचं (साखळीतल्या CH2 गटाचं) शिखर असतं आणि ते मिथाइलला चिकटून बसतं. म्हणून तितक्याच जाडीच्या, फाटे नसलेल्या पॉलिएथिलीनचा वर्णपट वजा करा, नाहीतर फाटे फुगून दिसतात. साखळीच्या टोकांचे मिथाइलही यातच येतात. पॉलिप्रोपिलीन मिसळलेलं असेल तर हिशेबच कोलमडतो. ९७३ आणि ११६८ला शिखरं आहेत का, आधी बघा.

७३० आणि ७२०च्या जोडीसाठी मात्र ३० ते ५० मायक्रोमीटरची पातळ फिल्म हवी, नाहीतर शिखराचा माथा सपाट होतो. ७३० स्फटिकमय भागाचं, ७२०मध्ये स्फटिकमय आणि अस्फटिक दोन्ही भाग. त्याच दाण्याची फिल्म झटकन थंड केली की ७३० खाली येतं, म्हणून तुलना करायच्या सगळ्या फिल्म एकाच वेगाने थंड करा. पातळ, गुळगुळीत फिल्ममध्ये पायारेषेवर लाटा येतात. त्या त्रासदायक, पण त्यांच्यावरून जाडी काढता येते: १००० प्रति सेंटिमीटरमध्ये १० लाटा आल्या आणि अपवर्तनांक १.५ धरला, तर १० भागिले (२ × १.५ × १०००), म्हणजे ०.००३३ सेंटिमीटर, सुमारे ३३ मायक्रोमीटर. जाडी काढून झाली की बारीक एमरी पेपरने पृष्ठभाग हलका घासा, लाटा जातात.

साखळीवरचे गट कोणत्या बाजूंना वळलेत, हे प्रोटॉन एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा वर्णपट काढणारी पद्धत) अधिक स्वच्छ दाखवतं. पीएमएमए, म्हणजे ॲक्रिलिक, हे सोपं उदाहरण. १५ मिलिग्रॅम नमुना ०.६ मिलिलिटर ड्यूटेरिअमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये रात्रभर विरघळू द्या. घाई केली तर जेलचे गोळे राहतात आणि शिखरं रुंदावतात. अल्फा-मिथाइलची (मुख्य साखळीला थेट जोडलेल्या मिथाइलची) तीन शिखरं पाहा: सिंडिओटॅक्टिक (गट आलटून-पालटून दोन्ही बाजूंना) ०.८५, हेटरोटॅक्टिक (मिश्र) १.०२, आयसोटॅक्टिक (गट एकाच बाजूला) १.२ पीपीएमच्या (एनएमआरमधल्या जागेचं एकक) आसपास. तिन्हींच्या क्षेत्रफळांचं प्रमाण हेच उत्तर. १.५६ला पाणी येतं. ५.५५ आणि ६.१ला शिखरं असतील तर मोनोमर उरला आहे. दोन रेडिओ स्पंदांमधला वेळ कमी ठेवला तर क्षेत्रफळं फसवतात.

पॉलिएथिलीन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही. त्याला ड्यूटेरिअमयुक्त टेट्राक्लोरोइथेन आणि १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला प्रोब (यंत्रातला नमुना ठेवायचा भाग) लागतो.