कोड अडला, धडधड वाढली: मदत मागायची कशी

एरर पाहून छातीत धडधडायला लागलं की नवशिके बहुतेक वेळा दिसेल त्या ओळीत बदल करत सुटतात. पाच ठिकाणी हात लावल्यावर मूळ चूक कुठली आणि आपण घातलेली कुठली, हेच कळेनासं होतं. म्हणून आधी कीबोर्डवरून हात काढा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा करा. मग एरर वाचा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ती खालून वर वाचायची: शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो, तिच्या वर फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक.

अर्धा तास स्वतः झटा. तेवढ्यात सुटलं नाही तर विचारा, रात्र जागवू नका.

खरी मेख आहे ती कसं विचारायचं यात. "सर, प्रोग्राम चालत नाहीये, बघा ना" याला कुणी काय उत्तर देणार? चारशे ओळींचा कोडही पाठवू नका. नवी फाइल उघडा आणि तीच एरर येण्यापुरत्याच ओळी तिच्यात ठेवा. मग असं लिहा:

"पायथन 3.12, विंडोज 11. वय विचारून त्यात एक मिळवायचा आहे. 20 टाकल्यावर 21 यायला हवं, पण दुसऱ्या ओळीवर टाइपएरर येते. वय छापून पाहिलं, 20च दिसतं."

जाणकाराला हे वाचताच कळतं: वय विचारणारं इनपुट हे फंक्शन नेहमी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, देतं. 20 टाइप केलं तरी पायथनच्या लेखी ती अक्षरंच, आधी इंट हे फंक्शन लावून त्यांचा आकडा करावा लागतो, नाहीतर टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकारची एरर, येते. प्रश्न इतका बारीक करताना पुष्कळदा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं.

कोड आणि एरर टेक्स्ट म्हणूनच पेस्ट करा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा वाकडा फोटो कुणाला चालवून पाहता येत नाही. पासवर्ड, एपीआय की (ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त किल्ली) आधी काढून टाका. इंग्रजीची धास्ती असेल तर खुशाल मराठीत विचारा, फक्त एररचे शब्द जसेच्या तसे ठेवा. आणि उत्तर डोक्यावरून गेलं तर भिडेपोटी "हो, समजलं" म्हणू नका. कुठल्या शब्दाशी अडलं ते सांगा.

झोप उडाली असेल, कॉम्प्युटर बंद केल्यावरही धडधड थांबत नसेल आणि असे दोन आठवडे गेले असतील, तर हा प्रश्न कोडचा राहिलेला नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.