नर्सिंगचा ‘घरबसल्या’ प्रवेश: शुल्क भरण्यापूर्वी काय तपासावे

बारावीचा निकाल लागला की इंदूरमधील राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतील मराठी घरांत नर्सिंगची चौकशी सुरू होते, आणि माझे आयुष्य आधी वॉर्डात व नंतर विद्यार्थिनींना शिकवण्यात गेल्यामुळे काही पालक हातातले कागद दाखवायला माझ्याकडे येतात. अलीकडे त्या कागदांमध्ये एक मजकूर वारंवार दिसतो: बीएस्सी नर्सिंग घरबसल्या, व्याख्याने मोबाइलवर, परीक्षेपुरते यावे लागेल. आपल्याकडे या प्रकाराला ‘नॉन-अटेंडिंग’ असे नावही पडले आहे आणि दलाल ते राजरोस वापरतात. असा प्रस्ताव समोर आल्यास पालकांनी काय विचारावे, कोठे पाहावे आणि कोणत्या उत्तरावर उठून घरी यावे, हे येथे सांगत आहे.

सर्वप्रथम नियम समजून घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणविषयक विनियमांनुसार वैद्यक, दंतवैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण, फिजिओथेरपी यांसारखे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवता येत नाहीत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगचे उदाहरण दलाल हमखास देतात. परंतु तो अभ्यासक्रम आधीच नोंदणी झालेल्या आणि सेवेत असलेल्या परिचारिकांसाठी आखलेला आहे, नुकत्याच बारावी झालेल्या मुलीसाठी नाही.

ही बंदी कशासाठी आहे, हे अभ्यासक्रमाचे तास पाहिले की कळते. भारतीय परिचर्या परिषदेने (इंडियन नर्सिंग कौन्सिल) २०२१ मध्ये सुधारलेल्या बीएस्सी नर्सिंगच्या चार वर्षांत आठ सत्रे आहेत, आठवड्याला ४० तासांचे काम धरलेले आहे, आणि शेवटच्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप आठवड्याला ४८ तासांप्रमाणे, म्हणजे एकूण १,०५६ तासांची, करावी लागते. परीक्षेला बसण्यासाठी थिअरी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत किमान ८० टक्के उपस्थिती लागते, आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागातील उपस्थिती १०० टक्के पूर्ण झालेली असावी लागते. म्हणून जे महाविद्यालय ‘उपस्थितीचे आम्ही पाहून घेऊ’ असे सांगते, ते हजेरीपटावर खोटी नोंद करणार असल्याची कबुली प्रवेशाच्या दिवशीच देत असते. अशा ठिकाणी पुढचा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही.

आता कागदांकडे वळू. मध्य प्रदेशातील नर्सिंग महाविद्यालयासाठी तीन ठिकाणची नोंद जुळवून पाहावी: भोपाळ येथील राज्य परिचारिका नोंदणी परिषदेची मान्यता, महाविद्यालय ज्या विद्यापीठाचे नाव सांगते त्याची संलग्नता आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावरील संस्थांची यादी. कार्यालयाच्या भिंतीवर चौकटीत लावलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नये, कारण मान्यता विशिष्ट शैक्षणिक वर्षासाठी, विशिष्ट अभ्यासक्रमासाठी आणि ठरावीक जागांसाठी असते. जीएनएमची (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या पदविकेची) मान्यता दाखवून बीएस्सीला प्रवेश दिल्याचे, किंवा दोन वर्षांपूर्वीचे पत्र पुढे केल्याचे मी स्वतः पाहिले आहे. संस्थेचे नाव, पत्ता, वर्ष आणि प्रवेशक्षमता या चार गोष्टी तिन्ही ठिकाणी अक्षरशः सारख्या आहेत का, हे स्वतः बसून तपासावे. मिळतेजुळते नाव म्हणजे तेच महाविद्यालय नव्हे.

तथापि केवळ कागदांवर थांबू नये असे मी आग्रहाने सांगते, आणि त्याला आपल्याच राज्यातील अनुभव कारण आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने मध्य प्रदेशातील ३०८ नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केली आणि त्यांपैकी १६९ योग्य असल्याचा अहवाल दिला. मे २०२४ मध्ये मात्र अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास पथकातील अधिकाऱ्यांनाच अटक झाली, आणि योग्य ठरलेल्या त्या महाविद्यालयांची पुन्हा तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. एकच शिक्षक एकाच वेळी अनेक महाविद्यालयांत कामावर असल्याचे दाखवणे, रुग्णालय फक्त कागदावर असणे, असे प्रकार या प्रकरणात समोर आले. या साऱ्यात विद्यार्थ्यांच्या परीक्षा दीर्घकाळ रखडल्या. ज्या मुलींनी प्रामाणिकपणे शुल्क भरले होते, त्यांची उमेदीची वर्षे गेली. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

म्हणून रुग्णालय स्वतः पाहावे. प्रवेश विभागात विचारायचा मुख्य प्रश्न एकच आहे: मुलींची क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातील प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वॉर्डांत आणि आठवड्यातून किती दिवस असते? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत नवीन महाविद्यालयासाठी स्वतःचे १०० खाटांचे रुग्णालय, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण आणि साधारण दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक, असे प्रमाण दिलेले आहे. रुग्णालयाचे नाव मिळाल्यावर कामकाजाच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, कोणालाही न कळवता तेथे जावे. खाटांवर रुग्ण आहेत का, प्रसूतिकक्ष चालू आहे का, गणवेशातील विद्यार्थिनी दिसतात का आणि त्यांच्यासोबत ट्यूटर उभी आहे का, हे बाह्यरुग्ण विभागातून फिरणाऱ्या साध्या माणसालाही दिसते. शहरातील मोठ्या सरकारी रुग्णालयात पोस्टिंग असल्याचा दावा केला गेला, तर त्या रुग्णालयाने दिलेल्या परवानगीचे चालू वर्षाचे पत्र मागावे. पत्र ‘वरच्या ऑफिसात’ आहे असे उत्तर मिळाले, तर ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींशी फाटकाबाहेर बोलता आले तर फार उपयोग होतो. सलाइन पहिल्यांदा कधी लावली, किती प्रसूती प्रत्यक्ष पाहिल्या आणि किती स्वतः केल्या, लॉगबुकवर (केलेल्या कामांच्या नोंदवहीवर) सही कोण करते, असे प्रश्न त्यांना विचारावेत. जी मुलगी खरोखर वॉर्डात उभी राहिली आहे ती अशा प्रश्नांना क्षणात, तपशिलासह उत्तर देते. काही वर्षांपूर्वी एका खासगी संस्थेतून पदविका घेतलेली मुलगी माझ्या हाताखाली रुजू झाली होती. तिला इंजेक्शनच्या पाचही जागा तोंडपाठ होत्या, पण रक्तदाब घेताना यंत्राचा पट्टा (कफ) कोठे बांधावा हे माहीत नव्हते. ती हुशार होती आणि अतिशय कष्टाळूही होती; तिला कोणी शिकवलेच नव्हते. तिची तयारी होईपर्यंत रुग्णांच्या वाट्याला जो धोका आला, त्याची नोंद कोठेच झाली नाही.

अमेरिकेत असलेल्या नातेवाइकांकडून तिकडच्या ऑनलाइन नर्सिंग शाळांची नावे आली, तरी हीच दक्षता घ्यावी. तेथे नोंदणीकृत परिचारिकांनी ऑनलाइन अभ्यास करून पदवी घेणे सर्वमान्य आहे. परंतु नव्याने परिचारिका होऊ इच्छिणाऱ्याला प्रत्यक्ष रुग्णसेवेचे प्रशिक्षण तेथेही चुकत नाही. शाळेला त्या राज्याच्या नर्सिंग मंडळाची मंजुरी आहे का, आणि एसीईएन किंवा सीसीएनई या संस्थांचे अधिस्वीकरण आहे का, हे पाहावे. नफ्यासाठी चालणाऱ्या काही शाळा प्रशिक्षणासाठी रुग्णालय शोधण्याचे काम विद्यार्थ्यावरच टाकतात, त्यामुळे ती जबाबदारी कोणाची हे लेखी विचारावे. जानेवारी २०२३ मध्ये तेथील संघीय तपास यंत्रणांनी फ्लोरिडातील तीन शाळांमार्फत ७,६०० हून अधिक बनावट नर्सिंग पदविका व गुणपत्रके विकली गेल्याचे उघड करून २५ जणांवर आरोप ठेवले होते. त्या कागदांच्या आधारे परवाना परीक्षेला बसून दोन हजारांहून अधिक लोक उत्तीर्णही झाले. परीक्षा उत्तीर्ण होणे आणि रुग्ण सांभाळता येणे यांतील अंतर त्या प्रकरणात दिसले.

वैद्यकीय शिक्षणाबाबत थोडक्यात सांगते. परदेशातील एमबीबीएससाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे विनियम लागू आहेत: इंग्रजी माध्यमातून किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि भारतात परतल्यावर परीक्षा व पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. पहिली वर्षे ऑनलाइन करून नंतर तिकडे जाण्याची योजना कोणी मांडली, तर नोंदणीच्या वेळी ती टिकणार नाही असे समजावे.

पैसे भरताना रोख देऊ नये, दलालाच्या खात्यात टाकू नये. संस्थेच्या नावाच्या खात्यात भरून शिक्का असलेली पावती घ्यावी. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची मागणी झाल्यास, मूळ कागद पडताळणीनंतर लगेच परत करण्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेली अधिसूचना दाखवावी.

प्रवेश आधीच झाला असेल आणि वर्ग किंवा पोस्टिंग होत नसेल, तर मुलीने संकोच करू नये. चूक तिची नाही. कोणत्या तारखेला काय झाले नाही, याची वही ठेवावी, पावत्या आणि मोबाइलवरील संदेश जपावेत. लेखी अर्ज प्रथम प्राचार्यांना देऊन पोच घ्यावी, त्याची प्रत विद्यापीठाला आणि राज्य परिषदेला स्पीड पोस्टने पाठवावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या जनसुनावणीत तोच अर्ज द्यावा. एकाच वर्गातील पाच-सहा मुलींनी पालकांसह एकत्र अर्ज दिला, तर संस्थेला एखादीला वेगळे बोलावून धमकावणे अवघड जाते.